वायफायची प्रगत सेटिंग्ज: काय बदलावे, काय तसेच ठेवावे

घरच्या राउटरच्या किंवा वेगळ्या ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंग्जमध्ये वायफायची दोन पाने असतात. पहिल्या पानावर नाव आणि पासवर्ड असतो. नेट जोडायला आलेला माणूस ते पान उघडतो, भरतो आणि बंद करतो. दुसऱ्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड’ असे लिहिलेले असते. तेथे चॅनेल, चॅनेलची रुंदी, ट्रान्समिट पॉवर, बीकन, डीटीआयएम, आरटीएस अशी पंधरा-वीस कलमे दिसतात आणि त्यांतल्या निम्म्यांचा खुलासा खोक्यातल्या पुस्तिकेतही सापडत नाही. यांपैकी चार-पाच कलमांनीच घरातल्या वापरात खरा फरक पडतो. बाकीच्यांना हात न लावणे बरे. कोणते कलम कोणत्या गटातले, हे समजण्यासाठी एक गोष्ट मनात पक्की असावी लागते. तारेतून येणारा वेग ज्या त्या घराचा असतो, पण हवेतला वेळ सगळ्यांचा सामाईक असतो. एका चॅनेलवर एका क्षणी एकालाच बोलता येते. त्या वेळी दुसरे उपकरण बोलत असेल तर पहिल्याला थांबावे लागते, मग ते दुसरे उपकरण शेजारच्या बिऱ्हाडातले का असेना.

सेटिंग्जचे पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता टाकून उघडते. नेमका पत्ता राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. हे काम शक्यतो लॅन केबल लावलेल्या लॅपटॉपवरून करावे, कारण वायफायची कलमे बदलताना वायफाय तुटतेच आणि पान अर्धवट राहते. आधीची सेटिंग्ज फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय बहुतेक राउटरांत असते, ती वापरावी. एका वेळी एकच कलम बदलावे, काय होते आणि काय केले ते वहीत लिहावे आणि एक दिवस वापरून पाहावे. एकदम पाच कलमे बदलली की सुधारणा कशाने झाली हे कळत नाही आणि बिघाड झालाच तर परतीची वाटही सापडत नाही.

पण सेटिंगच्याही आधी जागा पाहावी. फायबर दारावरून आत येते म्हणून राउटर दाराजवळच, माळ्याखाली किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला असतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि सळयांनी भरलेली आरसीसीची भिंत हे सिग्नलचे मोठे अडथळे. कोकणातल्या घरांच्या जांभ्याच्या जाड भिंती किंवा जुन्या वाड्यांतले दगडी बांधकाम यांपुढे तर कोणत्याही सेटिंगचे फारसे काही चालत नाही. सिग्नल किती पोहोचतो हे फोनवरच्या वायफाय ॲनालायझर प्रकारच्या ॲपने मोजता येते. आकडा डीबीएममध्ये आणि ऋण असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे अडखळणे सुरू होते. दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते आणि दर १० डीबीला एक दशांश उरते, हे लक्षात ठेवले की आकडे बोलू लागतात. राउटर टीव्हीमागून काढून हॉलच्या मध्याकडे, खांद्याच्या उंचीवर ठेवल्याने जे साधते ते सेटिंग्जच्या पानावरचे कोणतेही एक बटण साधून देत नाही.

आता चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. तो २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. त्यात तेरा चॅनेल आखलेले असले तरी लगतच्या दोन चॅनेलांच्या मध्यबिंदूंत फक्त ५ मेगाहर्ट्झ अंतर असते, आणि वायफायचा एक सिग्नल किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल उरतात, १, ६ आणि ११. ॲपमध्ये हे तिन्ही भरलेले दिसले की ३ किंवा ८ मोकळा आहे असे समजून तो निवडला जातो. ही चूक फार घरांत होते. एकाच चॅनेलवरच्या राउटरांना एकमेकांचे बोलणे समजते, त्यामुळे ते पाळीपाळीने बोलतात. ३ वर बसलेल्या राउटरच्या कानावर १ आणि ६ या दोन्हींचे बोलणे केवळ गोंगाट म्हणून पडते. गर्दीच्या चॅनेलवर निदान रांग असते, मधल्या चॅनेलवर धक्काबुक्की होते. पाठवलेली माहिती बिघडते, पुन्हा पाठवावी लागते, आणि शेजाऱ्यांचेही नेट मंदावते.

तिघांतला कोणता निवडावा, हे नुसती नावे मोजून ठरत नाही. समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये १ वर पाच नावे दिसतात, पण सगळी उणे ८० च्या पलीकडची आहेत. ६ वर दोनच नावे आहेत, मात्र ती उणे ५० आणि उणे ५५ वर आहेत, म्हणजे भिंतीला भिंत लागून. अशा वेळी या दोघांतला १ निवडावा. दूरची पाच कुजबुजती माणसे परवडतात, शेजारी बसून मोठ्याने बोलणारी दोन परवडत नाहीत. ही पाहणी दुपारी करून उपयोग नाही. रात्री नऊ-साडेनऊला, सगळी सोसायटी घरी असताना करावी, आणि ज्या खोलीत नेट लागते त्या खोलीत उभे राहून करावी.

चॅनेल ‘ऑटो’वर ठेवणे वाईट नाही, पण त्याची एक मर्यादा ध्यानात घ्यावी. बरेच राउटर चालू होतानाच एकदा हवा चाचपतात आणि नंतर जागचे हलत नाहीत. वीज जाऊन परत आली की इमारतीतले सगळे राउटर एकदम जागे होतात. प्रत्येक जण आजूबाजूला पाहतो तेव्हा शेजारचा अजून बोलायला लागलेला नसतो. त्यामुळे मोकळा वाटलेला चॅनेल पाच मिनिटांत भरून जातो. जेथे वीज वारंवार जाते तेथे चॅनेल हाताने ठरवून द्यावा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहणी करावी.

हाताने ठरवताना देशाचे कलमही तपासावे. तेथे भारतच असायला हवा, कारण कोणते चॅनेल आणि किती शक्ती वापरायची परवानगी आहे हे त्यावरून ठरते. भारतात १२ आणि १३ हे चॅनेलही चालतात, म्हणून काही जण गर्दी टाळण्यासाठी १३ घेतात. मात्र अमेरिकेत विकले जाणारे राउटर ११ च्या पुढे सहसा जात नाहीत आणि तिकडच्या कित्येक उपकरणांनाही पुढचे चॅनेल दिसत नाहीत. मुलाने तिकडून पाठवलेल्या लॅपटॉपला घरचे वायफाय सापडेना, तर आधी चॅनेल पाहावा.

चॅनेलच्या खालीच रुंदीचे कलम असते. २.४ गिगाहर्ट्झवर ती २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ‘२०/४०’ किंवा ‘ऑटो’ असा पर्याय पाहून ४० चा मोह होतो, पण ८३ मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यातला जवळपास अर्धा भाग एकाच घराने अडवला तर त्या घरालाही शांतता मिळत नाही. त्यातच याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे आणि २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा मायक्रोवेव्ह ओव्हनही आहे. दूध गरम होत असताना स्वयंपाकघरातला व्हिडिओ अडकत असेल तर तो योगायोग नसतो.

म्हणूनच फोन, लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताने या भागात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ असे हे पट्टे आहेत. २.४ च्या मानाने ही जागा सातपटींहून अधिक. भिंतींतून हा सिग्नल कमी जातो, आणि दाट वस्तीत हीच त्याची मोठी सोय आहे, कारण शेजाऱ्याचा सिग्नलही तितकाच कमी आत येतो. येथे ८० मेगाहर्ट्झ रुंदी साधारण योग्य असते. ३६ ते ४८ हा तसा एक गट आणि १४९ ते १६१ हा दुसरा. एका विंगमध्ये प्रत्येक मजल्यावर चार-चार फ्लॅट असतील आणि संध्याकाळी वेग पडत असेल तर रुंदी ४० करून पाहावी. स्पीड टेस्टचा आकडा उतरेल, पण कॉल तुटणे थांबेल. १६० चा पर्याय जाहिरातीत शोभून दिसतो. घरात मोठ्या फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम नसेल तर त्याची गरज पडत नाही.

५२ ते १४४ या चॅनेलांची गोष्ट वेगळी आहे. त्या लहरींवर रडारही चालते, म्हणून तेथे डीएफएस नावाचा नियम लावलेला असतो. राउटरने बोलण्याआधी किमान एक मिनिट ऐकायचे, रडार जाणवले तर लगेच चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास तेथे फिरकायचे नाही. राउटर चालू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचे नाव मिनिटभर उशिरा उगवते, ते यामुळे. तो बिघाड नाही. हे चॅनेल बहुधा मोकळे असतात, त्यामुळे ते मोलाचेही आहेत. पण घरून काम चालत असेल आणि मीटिंगमध्ये मधूनच सगळ्यांचे नेट काही सेकंद जात असेल, तर ३६ किंवा १४९ वर यावे.

ट्रान्समिट पॉवरबद्दलचा समज बहुधा उलटा असतो. शक्ती जास्त तितके नेट चांगले, असे वाटणे साहजिक आहे. पण वायफाय हे दोन्ही बाजूंनी चालणारे बोलणे आहे. राउटरचा आवाज गच्चीपर्यंत पोहोचला तरी लहान बॅटरीवर चालणाऱ्या फोनचा आवाज परत राउटरपर्यंत पोहोचायला हवा. तो पोहोचला नाही की फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. घरात एकच राउटर असेल तर शक्ती पूर्ण ठेवायला हरकत नाही. दोन असतील तर मात्र ती कमी करणे फायद्याचे ठरते, विशेषतः २.४ ची. २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट, १४ डीबीएम म्हणजे साधारण २५. एवढी उतरवली की फोन दूरच्या राउटरला चिकटून बसत नाही, जवळच्याकडे वळतो.

आता त्या कलमाकडे यावे ज्याचे महत्त्व सहसा कोणी सांगत नाही, जुन्या पद्धतींना दिलेला पाठिंबा. २.४ च्या पानावर ‘बी/जी/एन’ असे मिश्र रूप निवडलेले असते. यातली ‘बी’ ही १९९९ सालची पद्धत. ती चालू असली की राउटरला आपली घोषणा, म्हणजे बीकन, सहसा १ मेगाबिट प्रतिसेकंद या सर्वांत मंद गतीने करावी लागते. हिशेब करून पाहावा. एक बीकन ३०० बाइट्सचा धरला तर २४०० बिट्स झाले. १ मेगाबिटने पाठवायला २४०० मायक्रोसेकंद लागले, वर सुरुवातीच्या प्रस्तावनेचे १९२. म्हणजे जवळपास २.६ मिलिसेकंद. बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांनी निघतो. म्हणजे कोणी काहीही वापरत नसताना एक राउटर हवेतला अडीच टक्के वेळ नुसते नाव सांगण्यात घालवतो. एका चॅनेलवर असे पंधरा राउटर असले तर ३८ टक्के वेळ गेला. पाहुण्यांसाठी आणखी एक नाव चालू केले की त्याचा बीकन वेगळा. तेच ‘बी’ बंद करून किमान गती ६ मेगाबिट केली तर प्रत्येक बीकनला ०.४२ मिलिसेकंद पुरतात, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ‘जी/एन’ किंवा नवीन राउटरात ‘जी/एन/एएक्स’ असे रूप निवडावे. एखादा फार जुना प्रिंटर बंद पडला तरच मागे यावे. इमारतीतल्या दहा घरांनी हे एक कलम बदलले तर सगळ्यांचीच हवा हलकी होईल, एकट्याने बदलले तर त्याच्या पुरता फरक पडेल.

बीकनमधले अंतर मात्र १०० च राहू द्यावे. ते कमी केल्याने गती वाढते हा समज खोटा आहे, वरच्या हिशेबाने तर हवेतला वेळ आणखी जातो. डीटीआयएम हे कलम झोपलेल्या फोनने किती बीकनांनंतर सामाईक निरोप ऐकायला जागे व्हावे हे ठरवते. १ ते ३ मधला जो आकडा असेल तो ठेवावा. आरटीएस २३४७ आणि फ्रॅग्मेंटेशन २३४६ हे त्यांचे कमाल आकडे आहेत, म्हणजे व्यवहारात ती कलमे बंदच असतात आणि तशीच बरी.

डब्ल्यूएमएम, म्हणजे कॉल-व्हिडिओला आधी वाट देणारे कलम, कधीही बंद करू नये. २००९ च्या ‘एन’ पद्धतीपासून पुढचा सगळा वेग त्यावर उभा आहे. ते बंद केले की गती ५४ मेगाबिटपर्यंत खाली येते. शॉर्ट गार्ड इंटरव्हल, बीमफॉर्मिंग, एमयू-मिमो ही चालूच असावीत. वायफाय ६, म्हणजे वर आलेली ‘एएक्स’ पद्धत, चालू केल्यावर जुन्या लॅपटॉपच्या यादीतून घरचे नावच गायब झाले तर राउटरला दोष देण्याआधी लॅपटॉपचा वायफाय ड्रायव्हर अद्ययावत करावा.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव द्यावे की वेगळे, यावर एकमत नाही. एकच नाव ठेवले की फोन स्वतः निवड करतो आणि घरातल्या वयस्कर माणसांना विचार करावा लागत नाही. हीच पद्धत सहसा योग्य. अडचण स्मार्ट प्लग, बल्ब आणि स्वस्त कॅमेरे जोडताना येते, कारण त्यांना फक्त २.४ कळते आणि जोडणारे ॲप ५ वर असलेल्या फोनमुळे गोंधळते. तेवढ्या वेळेपुरते ५ गिगाहर्ट्झ बंद करावे, उपकरण जोडावे आणि पुन्हा चालू करावे.

मोठ्या घरात दुसरा डबा बसवताना तो लॅन केबलनेच जोडावा आणि ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये चालवावा. राउटर म्हणूनच ठेवला तर घरात दोन वेगवेगळी जाळी तयार होतात आणि हॉलमधला फोन आतल्या खोलीतल्या प्रिंटरला पाहू शकत नाही. दोन्हींवर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच असावा, चॅनेल मात्र वेगळे. एकाच रेडिओवर चालणारा बिनतारी रिपीटर प्रत्येक निरोप त्याच हवेतून दोनदा पाठवतो, म्हणून त्याच्यामागे वेग निम्म्यावर येतो. भिंतीतून एकदा केबल ओढण्याचा खर्च आणि त्रास अंगावर येतो, पण पुढची दहा वर्षे कटकट नसते.

सुरक्षेची कलमे बहुधा वेगळ्या पानावर असतात, पण ती प्रगत सेटिंग्जचाच भाग समजावीत. डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा पद्धत २००१ मध्येच मोडीत निघाली. टीकेआयपी असलेला कोणताही पर्याय घेऊ नये. तो कमजोर आहेच, शिवाय वेगही ५४ वर आणतो. डब्ल्यूपीए२ निवडताना त्यापुढे एईएस असल्याची खात्री करावी. २०१८ मध्ये आलेले डब्ल्यूपीए३ अधिक भक्कम आहे. घरात जुनी उपकरणे असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचे मिश्र रूप निवडावे.

डब्ल्यूपीएस बंद करावे, आणि ते आजच करावे. पासवर्ड न टाकता आठ आकडी पिनने जोडून देणारी ही सोय आहे. आठ आकडे म्हटले की दहा कोटी शक्यता वाटतात. पण आठवा आकडा आधीच्या सातांवरून निघणारा ताळा असतो. शिवाय राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि पहिला भाग बरोबर आला की तसे कळवूनही टाकतो. पहिल्या भागाच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या १,०००, म्हणजे सगळे मिळून ११,००० प्रयत्न. स्टेफान फीबोक या संशोधकाने डिसेंबर २०११ मध्ये हे उघड केले. त्यानंतर बऱ्याच राउटरांत चुकीच्या पिनांवर आळा घातला गेला, तरी कितीही लांब पासवर्ड ठेवून शेजारी हे दार उघडे का ठेवावे?

नाव लपवण्याने सुरक्षा वाढत नाही. उलट फोन बाहेर गेल्यावरही ते नाव हाक मारून शोधत राहतो. ठरावीक उपकरणांच्या ॲड्रेसलाच आत घेणाऱ्या मॅक फिल्टरचेही तेच. ॲड्रेस नक्कल करता येतो, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून व २०२० च्या आयओएस १४ पासून फोन स्वतःच प्रत्येक वायफायवर वेगळा ॲड्रेस वापरतात, त्यामुळे घरच्याच माणसाचा फोन बाहेर राहण्याचा संभव अधिक. त्यापेक्षा पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क चालू करावे आणि स्मार्ट बल्ब, कॅमेरे, टीव्ही बॉक्स त्याच्यावर न्यावेत. तेथे आयसोलेशन चालू ठेवले की ही उपकरणे घरच्या लॅपटॉपकडे पाहू शकत नाहीत. मुख्य वायफायवर मात्र आयसोलेशन बंद असावे, नाहीतर फोनवरून प्रिंट निघत नाही आणि टीव्हीवर व्हिडिओ पाठवता येत नाही.

राउटर सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेला असेल तर त्याची काही कलमे कुलूपबंद असतात, आणि कंपनी दुरून सॉफ्टवेअर बदलते तेव्हा घरी केलेले बदल पुसलेही जातात. असे झाल्याचे चिन्ह म्हणजे चॅनेल पुन्हा ‘ऑटो’वर, रुंदी ४० वर आणि डब्ल्यूपीएस चालू. तेव्हा उतरवून ठेवलेली फाइल नव्या सॉफ्टवेअरवर चढवू नये, वहीत लिहिलेली कलमे एकेक करून हातानेच भरावीत.